बाहेरची कडी

वधू-वर परिचय मेळाव्यात घटस्फोटितांचा नंबर जेवणानंतर होता.

सकाळी अविवाहितांचा परिचय झाला तेव्हा हॉल गच्च भरलेला होता. दुपारी बुंदी आणि वांग्याची भाजी खाऊन लोक पांगले. माइकवरच्या गृहस्थांनी "आता आपले घटस्फोटित, विधवा व विधुर उमेदवार" असं जाहीर केलं तेव्हा मंगल कार्यालयाची माणसं मागच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालायला लागली होती. त्या खडखडाटात दोघा-तिघांनंतर नीलम स्टेजवर चढली. नाव सांगितलं, वय सांगितलं. मूळ गाव वलगाव, मुक्काम भावाकडे अमरावतीला, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतते, हेही सांगितलं.

"अपेक्षा?" गृहस्थांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

आधीच्या बाईनं 'निर्व्यसनी, समजूतदार' असं सांगितलं होतं. तेच म्हणायचं म्हणून नीलमच्या वहिनीनं, शालूनं, येताना ऑटोत तिला पढवून ठेवलं होतं. नीलम म्हणाली, "घराची एक किल्ली माझ्याजवळ राहिली पाहिजे."

उरलेला हॉल हसला. "बाईले पहिल्या दिवसापासूनच कारभार पाह्यजे," कुणीतरी म्हणालं. शालूवहिनीनं पदर सावरायचं निमित्त करून मान खाली घातली.

खाली चहाच्या टेबलापाशी एक माणूस आला. उन्हानं रापलेला, केस पाण्यानं चोपून बसवलेले, हातात दोन कप. एक कप त्यानं तिच्या हातात न देता टेबलावर ठेवला, घ्यायचा तर घ्या अशा बेतानं.

"मी अश्विन. अकोल्याचा. तुमच्या आंधी स्टेजवर होतो, तुमी ऐकलं नसन."

"नाही ऐकलं."

"खास काही नव्हतं. किल्ली कोणत्या कुलपाची म्हनली तुमी?"

"बाहेरच्या दाराच्या."

"कपाटाची नाही?"

"कपाटात काय आहे?"

त्यानं खरोखर विचार केला. "कपाटात त काहीच नाही. दाराच्या कुलपाले दोन किल्ल्या हायेत. एक माझ्या खिशात राह्यते. दुसरी खिळ्याले टांगेल हाय, ते सध्या कोणाचीच नाही."

नीलमनं चहा तसाच ठेवला आणि वहिनीकडे गेली. माणूस वाईट वाटला नव्हता. पण तो अकोल्याचा होता, आणि अकोल्यात ती पुन्हा राहायला जाणार नव्हती.

तिचं पहिलं लग्न अकोल्यातलंच. तेव्हा ती नुकतीच बी.ए. झाली होती. कुलदीप औषधांचा माल दुकानादुकानांत पोचवायचा. मोठी उमरी भागात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, पुढे लोखंडी ग्रिल. लग्नानंतर पहिल्यांदा कामावर निघाला तेव्हा त्यानं ग्रिलला बाहेरून कुलूप घातलं. "जमाना खराब हाय. तू एकटी राह्यतं," म्हणाला. संध्याकाळी येताना मोगऱ्याचा गजरा आणि गरम कचोऱ्या घेऊन आला.

पहिले काही दिवस नीलमला ते आवडलंही. माहेरी पाच भावंडांत कोण घरात आहे नि कोण बाहेर याची कुणी दखल घेत नसे. इथं एक माणूस दुपारून दोनदा फोन करून विचारायचा, काय करून राहिली, जेवली का. मग एकदा तिनं म्हटलं, मैत्रिणीकडे जाऊन येते, किल्ली ठेवून जा. त्या दिवशी गजरा आला नाही. दुसरी किल्ली हरवली, असं तो सांगायचा. भाजीवाल्या बाईची पिशवी ती ग्रिलच्या गजांतून ओढून घ्यायची, कोबी मात्र आत येत नसे.

आईला सांगितलं तर आई म्हणाली, "मारते का? पेते का? मंग दुखते काय तुले? माणूस जीव लावते, तेही टोचते का?"

जीव लावणं हे शब्द तेव्हापासून नीलमला नको झाले.

चौथ्या उन्हाळ्यात भर दुपारी कूलरची मोटर जळली. वाळ्याच्या ताट्या धुमसायला लागल्या आणि धूर सगळा खोलीत आला. नीलम ग्रिलला तोंड लावून ओरडत राहिली. शेजारीपाजारी जिन्यात जमले. घरमालकानं बादली आणून गजांतून जमेल तितकं पाणी आत फेकलं. "कुलूप तोडा," ती म्हणत होती. तोडायला हातोडी होती, घरमालकाच्याच हातात होती. पण दुसऱ्याच्या घराचं कुलूप, आत दुसऱ्याची बायको. कुणीतरी कुलदीपला फोन केला, आणि मग सगळे तिला समजावत बसले, "येऊन राहिला तो. येऊनच राहिला." तो आला, कुलूप उघडलं, खोकून खोकून खाली बसलेल्या बायकोच्या पाठीवरून सगळ्यांसमोर हात फिरवला आणि म्हणाला, "पाह्यलं न? म्हणून म्हनतो, हिले एकटी सोडाची सोय नाही." जिन्यातल्या माना हलल्या. संध्याकाळी गजरा आला.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळीला गेल्यावर नीलमनं त्याच्या शर्टाच्या खिशातली किल्ली काढली, चपला हातात घेतल्या आणि बाहेर पडली. जाताना ग्रिलला कुलूप घातलं आणि किल्ली जिन्यातल्या तुळशीच्या कुंडीत खुपसली. कामावर जायची वेळ टळून गेली तरी कुलदीप आत ओरडत होता म्हणतात.

नातेवाइकांत लक्षात राहिलं ते एवढंच. चार वर्षं ती आत होती हे कुणी बोलत नसे. नवऱ्याले कोंडून पळाली, हे वलगावपासून धामणगावपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

भाऊ देवमननं तिला अमरावतीला ठेवून घेतलं. देवमन सरळ माणूस. शालूवहिनीही वाईट नव्हती, तीच तर अडचण होती. "नीलम आहे म्हणून बरं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पाहुणे आले की नीलम आहे म्हणून बरं, मुलीची परीक्षा आली की नीलम आहे म्हणून बरं. या बरं असण्यातून नीलमला कधी यात्रेला जाता आलं नाही की मैत्रिणीकडे मुक्कामाला राहता आलं नाही. स्वयंपाकघराला लागून तिची खोली होती, पण खोलीचं दार ती कधी लावत नसे. न्हाणीचंही दार नुसतं ओढून घेऊन आतून बादली टेकवायची. त्यामुळे घरातली माणसं तिच्या खोलीतून मागच्या अंगणात जात-येत राहिली आणि ती खोली हळूहळू वाटच होऊन गेली.

मग देवमनची मुलगी आचल अकरावी पास झाली. बारावीच्या अभ्यासाला वेगळी जागा हवी, असं कुणी नीलमला म्हटलं नाही. फक्त एका रविवारी शालूवहिनी टेप घेऊन तिच्या खोलीत आली आणि टेबल कुठं मावेल ते मोजून गेली. त्याच आठवड्यात मेळाव्याचं नाव निघालं.

मेळाव्यानंतर अश्विननं देवमनला फोन केला आणि एका रविवारी तो घरी आला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात, हवामानाच्या नोंदी घेतात तिथं तो कामाला होता. रोज पहाटे जाऊन तापमान, वारा, पाऊस लिहायचा. बायको गीता किडनीच्या आजारानं गेली होती, मूल नव्हतं. येताना त्यानं काहीही आणलं नाही. शालूवहिनीला ते खटकलं. नीलमला बरं वाटलं.

"अकोल्याचं ऊन लय म्हणतात," देवमननं बोलायचं म्हणून काढलं.

"गल्लीतले लोकं मलेच शिव्या देतात," अश्विन म्हणाला. "आज किती रे, विचारतात. पंचेचाळीस म्हनलं का म्हनतात, कमी लिवता येत नाही का तुले?"

नीलम आत पोहे परतत होती. तिला हसू आलं आणि ते तिनं तोंडातच धरलं. दोनदा तो आला, दोनदा ती 'विचार करते' म्हणाली. तिसऱ्या वेळी जाताना त्यानं खिशातून लाल दोऱ्यात बांधलेली किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"लग्न ठरो न ठरो. खिळ्यालेच त होती."

त्यानंतरच्या गुरुवारी नीलमनं कारखान्यात सुटी टाकली आणि कुणाला न सांगता अकोल्याची बस धरली. कौलखेडात विचारत विचारत घर काढलं. जुनं, बसकं घर, दोन फळ्यांचं दार, वर कडी-कोयंडा आणि त्यात कुलूप. किल्ली चालली. ती आत गेली, दोन खोल्या पाहिल्या, घासून पालथी घातलेली भांडी पाहिली, खाटेवर दोन मिनिटं टेकली. बाहेर येऊन कुलूप लावत होती तर शेजारची म्हातारी गोदाबाई ओट्यावरून म्हणाली, "कोन वो तुमी?"

"माझ्याजवळ किल्ली आहे," नीलम म्हणाली.

"ते दिसूनच राहिलं," गोदाबाई म्हणाली. "मंग च्या घेऊन जा."

फेब्रुवारीत विहारात मोजक्या माणसांत लग्न झालं. अश्विननं साठवलेल्या रजा एकदम काढल्या होत्या. त्या दिवसांत नीलमला तो थोडाथोडा कळत गेला. झोपेत घोरायचा आणि सकाळी ते मान्य करायचा नाही. भाकरी तिच्यापेक्षा चांगली थापायचा. ती बाजारात जाते म्हणाली तर कुठल्या, कशाला असं न विचारता पिशवी काढून द्यायचा. पहिल्यांदा ती मुद्दाम उशिरा परत आली. तो ओट्यावर लसूण सोलत बसला होता. "वांगे भेटले का?" एवढंच त्यानं विचारलं. किल्ली तिच्या पर्समध्ये असायची. दिवसातून एकदा ती पर्समध्ये हात घालून दोरा चाचपायची.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रजा संपल्या आणि त्याची पहाटेची ड्यूटी पुन्हा सुरू झाली.

त्या दिवशी नीलमला जाग आली तेव्हा बाजूची खाट रिकामी होती. उजाडायला लागलं होतं. अंगणात पाणी शिंपावं म्हणून तिनं आतली कडी काढायला हात वर केला, तर आतली कडी काढलेलीच होती. तिनं दार ओढलं. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट पडली, बाहेर खळ्ळ असा आवाज झाला आणि दार तिथंच थांबलं.

तिनं पुन्हा ओढलं. पुन्हा खळ्ळ.

फटीतून गल्लीचा एक उभा तुकडा दिसत होता. गोदाबाईच्या ओट्याचा कोपरा, एक कुत्रं. कडीला कुलूप आहे की नुसतीच कडी आहे ते दिसत नव्हतं. नीलम पळत आत गेली, पर्स पालथी केली, किल्ली घेऊन दारापाशी आली. आणि तशीच उभी राहिली. समोर दाराची आतली बाजू होती. लाकूड, एक खिळा, त्याला मागच्या वर्षीचं कॅलेंडर. किल्ली घालायला जागाच नव्हती. ती जागा पलीकडे होती. मेळाव्यात सगळ्यांसमोर मागून घेतलेली, लाल दोऱ्यातली ही किल्ली बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्याच कामाची होती, आणि हे इतक्या महिन्यांत तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मागं न्हाणी आणि तिच्यामागे सरळ भिंत. खिडकीला गज. तिला धुराचा वास आला. कूलर अजून माळ्यावरून काढलासुद्धा नव्हता, हे ठाऊक असूनही तिनं वर पाहिलं. फोन खाटेवर पडला होता. अश्विनला लावला असता तर तो आला असता. पण ज्यानं कोंडलं त्यालाच सोडवायला बोलवायचं, हे एकदा होऊन गेलं होतं. तिनं फोन उचलला तो नुसताच. शालूवहिनीचा सकाळचा फुलांचा फोटो आलेला होता आणि त्याखाली आचलच्या नव्या टेबलाचा. टेबल नीलमच्या खोलीत, नीलमची खाट होती तिथं, अगदी मोजून बसलं होतं.

तिनं पिशवी काढली. दोन साड्या, शाल, चार्जर, बी.ए.चं सर्टिफिकेट. पिशवी भरून ती दारासमोर जमिनीवर बसली. जायचं कुठं हे तिला माहीत नव्हतं. दार उघडलं की निघायचं, एवढंच.

ओरडली मात्र नाही.

बऱ्याच वेळानं गल्लीत बादल्यांचा आवाज झाला. "नीलम, ओ नीलम," गोदाबाईची हाक आली. "झोपली काय? नळ आला वो."

नीलम फटीशी गेली. "मावशी, दार बाहेरून लावेल हाय."

"मंग?"

"कुलूप हाय का त्याले?"

"कुलूप कायले? कडीच त हाय." आणि खळ्ळ करून दार उघडलं. गोदाबाई हातात पाण्याचा पितळी गुंड घेऊन उभी होती. तिनं नीलमचा चेहरा पाहिला, मग पिशवी पाहिली. "कुठी चालली?"

"ह्यांनी मले कोंडलं."

"कोनं, अश्विननं? अवो बाप्पा." गोदाबाईनं गुंड खाली ठेवला. "गीता बिमार होती तईची सवय हाय त्याची. रातभर डोया लागे नाही तिचा, पहाटे कुठी झोपे ते. याची ड्यूटी सकायची. तिले दार लावाले उठवाचं कायले, म्हणून बाहेरून कडी लावून जाये. नाहीत कुत्रे घुसतात न अंदर. मले सांगून जाये, मावशी, ध्यान ठेवजो."

"मले नाही सांगितलं."

"झोपेल माणसाले काय सांगते?"

नीलमनं पिशवी उचलली.

"पाणी भरून जाय," गोदाबाई म्हणाली. "जाचं असन त जाय, तुले कोन धरून ठेवते. पन पाणी भर आंधी. आता पाच दिवस नळ येत नाही. रिकामी टाकी ठेवून गेली त लोकं ते बोलतीन, कडीचं कोनी बोलनार नाही."

अकोल्यात नळ आला की माणूस आधी पाणी भरतो, मग रडायचं असेल तर रडतो. नीलमनं पिशवी उंबऱ्याच्या बाहेर ठेवली, दार सताड उघडं टाकलं, एका फळीला पाटा टेकवला आणि पाणी भरायला लागली. टाकी, दोन ड्रम, गुंड, कळशा, शेवटी पातेली. निम्मं पाणी पायांवर सांडत होतं.

अश्विन दुधाची पिशवी घेऊन आला तेव्हा ती शेवटची बादली उचलत होती. त्यानं उंबऱ्याबाहेरची पिशवी पाहिली. "कोन आलं?"

"कोनी नाही. मी चालली."

तो पिशवीला वळसा घालून उंबऱ्याशी आला.

"बाहेरून कडी कोनं लावली?"

"मी," तो म्हणाला. दूध मी आणलं, इतक्या सहज म्हणाला.

"काहून?"

"तू झोपेल होती."

"मंग उठवाचं."

"रातभर कूस पालटून राहिली होती तू, पहाटे डोया लागला. झोपेल माणसाले उठवाचं कायले?"

तेव्हा नीलमनं त्याला मोठ्या उमरीतल्या त्या दुपारचं सांगितलं. बादली हातात, पदर कमरेला खोचलेला, उभ्या उभ्या. धुराचं सांगितलं, घरमालकाच्या हातातल्या हातोडीचं सांगितलं. कोबी आत येत नसे हेही सांगितलं, का ते तिलाही कळलं नाही. इतरांना जेवढं ठाऊक होतं तेवढंच अश्विनला ठाऊक होतं, नवऱ्याला कोंडून पळाली. हे त्यानं पहिल्यांदा ऐकलं. ऐकता ऐकता दुधाची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला.

"मी कुलदीप नोहो, नीलम," शेवटी म्हणाला. आवाज जरा चढला होता.

"मले माईत हाय. पन अंदरून पाह्यलं त कडी सारखीच दिसते."

तो ओट्यावर बसला. "गीताच्या वक्ताले मी निंगलो का कडी लावो," म्हणाला, दाराकडे बघत. "ड्यूटीवर मनात राहे, झोपली हाय, घरीच हाय. बरं वाटे." मग उठून त्यानं कडी हातात धरून पाहिली. "उपटून टाकू का हे?"

"मंग कुलूप कशाले लावसान?"

"हेही हाय. मंग काय करू सांग."

नीलमला वाटलं होतं, तो माफी मागेल किंवा चिडेल, आणि दोन्हींसाठी ती पिशवी घेऊन तयार होती. काय करू सांग, याची तयारी नव्हती.

"मले उठवत जा," ती म्हणाली. "जाच्या आंधी. मी अंदरून लावीन."

"रोज? सहाच्या आंधी?"

"रोज."

"उन्हाळाभर?"

"हिवाळ्यातबी."

"बरं," तो म्हणाला. "दूध तापव, नाहीत फाटन."

त्या दिवशी ती गेली नाही. पण पिशवी तिनं उपसलीही नाही. भरलेली तशीच खाटेखाली ढकलून ठेवली. झाडताना अश्विनला ती दिसली. त्यानं तिच्याभोवतीनं झाडू फिरवला.

दुसऱ्या दिवसापासून तो उठवायला लागला. खाटेचा पाय हलवून म्हणायचा, "नीलम, उठ. मी चाललो." ती उठायची, त्याच्यामागे दारापर्यंत जायची, आतून कडी लावायची आणि परत येऊन पडायची. झोप नंतर लागत नसे. "पहाटीपहाटी दोघं दारात उभे राह्यता," गोदाबाई म्हणायची, "कोनाची बिदाई करता रोज?"

यानं भीती गेली असं झालं नाही. उलट ती आता पहाटे चारलाच जागी व्हायला लागली आणि डोळे मिटून वाट बघत पडायची. आज हा विसरेल. आज म्हणेल, झोपू दे. मुद्दाम घोरल्यासारखा श्वास सोडायची. तो चप्पल घालायचा, डबा घ्यायचा, आणि खाटेचा पाय हलायचाच. एकदा त्याला उशीर झाला होता, सायकल अंगणात काढून झाली होती, तरी परत आत येऊन त्यानं उठवलं. कधी कधी तिला वाटायचं, एकदा विसरला तर बरं. मग पिशवी घेऊन सरळ निघता तरी येईल, हे रोजचं वाट बघणं संपेल. तो विसरत नव्हता आणि तिची सुटका होत नव्हती.

मे महिना आला, कूलर लागला. कूलर चालू असला की ती दुसऱ्या खोलीत झोपायची. अश्विननं एक-दोनदा विचारलं, मग आपली खाटही तिकडे ओढली, आणि दोघं घामात पडून राहिले. जूनमध्ये तिला चौकातल्या एका टेलरकडे कापड बेतायचं काम लागलं. पिशवीतला चार्जर केव्हाच बाहेर आला होता, लागतो म्हणून. लग्नसराईत एक साडी निघाली. दिवाळीनंतर थंडी पडली तशी शाल निघाली. सर्टिफिकेट आणि दुसरी साडी तेवढी खाटेखाली राहिली.

जानेवारीत तिला ताप भरला. सांधे असे धरले की कूस बदलायलाही अश्विनचा हात लागत होता. दोन दिवस त्यानं रजा काढली. तिसऱ्या दिवशी दुसरा माणूस गावाला गेलेला, नोंद घ्यायला कुणीच नव्हतं. पहाटे तो स्वेटर, मफलर घालून खाटेपाशी आला.

"नीलम. मी चाललो. उठनं होते का?"

तिनं पाय हलवून पाहिला. गुडघ्यात कळ गेली. दार चार पावलांवर होतं.

"लावून जा," ती म्हणाली.

"काय?"

"कडी. बाहेरून."

तो हलला नाही. "मी नाही जात. लिवून टाकतो मंग काही तरी अंदाजानं."

"पंचेचाळीस लिवसान थंडीत. जा."

"मावशीले सांगून जाऊ?"

"सांगा."

त्यानं तिच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, फोन ठेवला. दिवा चालू ठेवू की बंद करू विचारलं. ती म्हणाली, चालू. फळ्या ओढून घेतल्याचा आवाज झाला. मग काहीच आवाज नाही. सायकलचा नाही, कडीचा नाही. कडी हातात धरून तो बाहेर उभा आहे हे तिला भिंतीतून दिसावं तसं दिसत होतं.

"लावा न," ती पांघरुणातून म्हणाली.

खळ्ळ.

गोदाबाईच्या दारावर थाप पडली, काहीतरी बोलणं झालं, मग सायकल गेली. नीलमचं तापलेलं अंग सगळं दाराकडे ओढ घेत होतं. उठावं, नुसतं ओढून बघावं, फट किती पडते ते. धुराचा वास आला. तिनं तांब्यातलं पाणी घोटभर पिऊन घेतलं आणि पडून राहिली. दारातली उभी रेघ आधी राखाडी होती, मग पांढरी झाली, मग पिवळी. झोप आली नाही. भीती होती तिथंच होती, छातीवर मांजर बसावं तशी. पण ती उठून दार ओढून बघायला गेली नाही.

सायकल ओट्याला टेकल्याचा आवाज आला. कडी निघाली, हळूच, आवाज होऊ नये अशी. नीलमनं डोळे मिटून घेतले.

अश्विन आत आला, दूध ठेवलं, आणि खाटेपाशी येऊन उभा राहिला. ती झोपली आहे असं पाहून त्यानं दिवा बंद केला.